हरणावर किती अंतरावरून गोळी झाडावी? रायफलीचा पल्ला आणि आपला पल्ला

वेंगुर्ल्याचा एक मुलगा न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर डेअरी फार्मवर कामाला आहे. तिथे त्याने रीतसर परवाना काढून ३०८ विंचेस्टरची बोल्ट रायफल घेतली. दुकानदाराने रायफलीबरोबर तीन गोळ्यांचा एक कागद हातात ठेवला. १०० मीटरवरची तिन्ही भोकं दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकली जातात. आता त्याचा प्रश्न असा: 'काका, रायफल एक एमओएच्या आतली, म्हणजे चांगलीच अचूक आहे. मग तांबड्या हरणावर ४०० मीटरवरून गोळी टाकायला हरकत काय? आणि दुसरं, गावच्या घरी आजोबांची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासायची बंदूक आहे. भात पोसवलं की डुकरं आणि भेकरं कुणग्यात उतरतात. तिचा पल्ला किती धरायचा?'

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. ४०० नाही. तुझ्यासाठी आज १५० मीटर, तेही जमिनीवर पालथं झोपून, पुढे सॅकचा टेकू घेऊन. उभ्याने मारायचं असेल तर ५०, फार तर ६०. हे आकडे मी घाबरवायला सांगत नाही. ते कसे येतात ते समजून घे, मग तुझे तूच काढशील.

मी २२ वर्षं पायदळात होतो, त्यातली बरीचशी रेंजवर पोरांना शिस्त, म्हणजे नेम, धरायला शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर इकडे सिंधुदुर्गात मुलांना एअर रायफल आणि पॉइंट टू-टू शिकवतो. मुलगी न्यूझीलंडमध्येच कँटरबरीला असते, त्यामुळे पाहुण्यांना मिळणारा तात्पुरता परवाना काढून तीनदा तिकडच्या डोंगरात हरणामागे फिरलोय. म्हणजे कागदावरची नेमबाजी आयुष्यभर आणि हरणावरची थोडकी. पण दोन्हींत फरक किती आहे, ते त्या थोडक्यानेच शिकवलं.

एमओए म्हणजे कोनाचं माप. एका अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो २.९ सेंटीमीटर भरतो, २०० वर दुप्पट, ४०० वर चौपट, म्हणजे साडेअकरा सेंटीमीटर. तांबड्या हरणाचं काळीज आणि फुप्फुसं मिळून जी जागा होते, ती साधारण २० सेंटीमीटरचा गोल धरावी. आपल्याकडचं एक मध्यम घावन डोळ्यांसमोर आण. तेवढीच. गोळी त्यात बसली तर जनावर काही सेकंदांत जातं, बाहेर गेली तर तासन् तास तडफडतं. आता दुकानदाराच्या हिशोबाने ४०० मीटरवर साडेअकरा सेंटीमीटर २० मध्ये आरामात मावतात. तू हाच हिशोब केलास, आणि गणित म्हणून तो बरोबर आहे. फक्त त्यात रायफल एकटीच आहे. तू त्यात नाहीस.

आधी त्या कागदाबद्दल. तीन गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावर भोकांचा पडलेला पसारा, ही फार फसवी चीज आहे. तीच रायफल, तोच माणूस, तीच काडतुसं, आणि दहा गोळ्या झाडल्या की ग्रुप सरासरीने दीडपटीहून मोठा येतो. त्यात कुणाची लबाडी नाही, तीन भोकांना पसरायला वावच मिळालेला नसतो. वर दुकानदाराचा कागद बाकावर बसून, पुढेमागे वाळूच्या पिशव्या लावून, निवांत श्वास घेत काढलेला. माझ्या अनुभवात चांगली शिकारी रायफल दहा गोळ्यांत दीड एमओए देते, आणि हरणासाठी ती पुरेशी आहे. अर्ध्या एमओएसाठी आणखी पैसे घालवण्यापेक्षा तेवढ्यात काडतुसं घे आणि सराव कर.

आता तुझा स्वतःचा ग्रुप. चढ चढून आलास, छाती भात्यासारखी चालतेय, गुडघ्याखाली दगड टोचतोय, समोर हरीण उभं आहे आणि ते पुढच्या क्षणी निघून जाईल असं वाटतंय. अशा वेळी बऱ्यापैकी सराव असलेला माणूस झोपून टेकू घेऊन साधारण चार एमओएत मारतो. माझ्या रेंजवर आलेल्यांपैकी बहुतेकांचं हेच. चार एमओए म्हणजे १०० मीटरला ११.६ सेंटीमीटर. २० सेंटीमीटरच्या घावनाला त्याने भाग दे: १७२ मीटर येतात. वारा नाही, अंतर अचूक माहीत आहे, हरीण हलत नाही असं सगळं धरून १७२. म्हणून मी १५० म्हणालो. बसून बहुतेकांचे सहा-सात एमओए होतात, उभ्याने दहाच्या पुढे. उभ्याने ५० का, ते आता तूच मोजून बघ.

आणि हे मी एकटा म्हणत नाही. ब्रिटनमध्ये हरणाच्या शिकाऱ्यांची जी पहिल्या पातळीची परीक्षा असते, तिच्यात १०० मीटरवरून झोपून मारायचं, त्याहून जवळ येऊन बसून, आणि उभ्याने मारायला थेट ४० मीटरपर्यंत पुढे बोलावतात. नॉर्वेत मोठ्या जनावरांच्या शिकारीआधी दर वर्षी परीक्षा द्यावी लागते. आधी ३० सरावाच्या गोळ्या, मग १०० मीटरवर ३० सेंटीमीटरच्या गोलात पाचपैकी पाच. पिढ्यान् पिढ्या शिकार करणारे हे देश परीक्षा १०० मीटरवर घेतात, ४०० वर घेत नाहीत.

पुढचा हिशोब गोळीच्या पडण्याचा. तुझी रायफल १५० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) साध्या गोळीने १०० मीटरला झिरो केलेली, म्हणजे तिथे नेम आणि गोळी एकाच जागी येतील अशी बसवलेली असेल, तर २०० मीटरला गोळी सुमारे १२-१३ सेंटीमीटर खाली जाते आणि ३०० ला ४५ च्या आसपास. नुसतं पडणं काही अडचणीचं नाही, ते पाठ करता येतं. अडचण अंतर चुकण्याची आहे. १०० मीटर वाटलं आणि हरीण १४० वर निघालं, तर गोळी तीन-चार सेंटीमीटर खाली लागेल. जनावराला आणि तुला दोघांनाही फरक पडणार नाही. पण ३०० वाटलं आणि ३४० निघालं, तर तीच ४० मीटरची चूक आणखी २० सेंटीमीटर खाली नेते. काळजाऐवजी पाय मोडतो. डोंगरातली दरी मधे असली की डोळा हमखास चुकतो, म्हणून लेझरचा अंतरमापक घे. दुर्बिणीवर खर्च करण्याआधी त्याच्यावर कर. झिरो करताना १०० मीटरला गोळी पाच सेंटीमीटर वर बसव. मग १८५ मीटरच्या आसपास ती बरोबर मध्यावर येते, २२० ला सहा-सात सेंटीमीटर खाली. एवढ्या पल्ल्यात तुला वर-खाली काही धरावंच लागणार नाही, खांद्यामागे शिस्त धर आणि चाप हळूच दाब.

वाऱ्याचं काय करायचं याला मात्र पाठांतर नाही. वेंगुर्ल्याच्या बंदरावर वाढलेल्याला वारा शिकवायला नको. दुपारी समुद्रावरून खारा सुटतो, रात्री जमिनीवरून मतलई निघतो, आणि दोघांच्या मधे थोडा वेळ झावळी हलत नाही. तो शांत वेळ कोळ्याला अंगाने कळतो. तिकडच्या डोंगरात अंगाचा हा अंदाज नेमका दगा देतो, कारण तू उभा आहेस तिथला वारा एक, दरीतला दुसरा आणि हरणाजवळचा तिसरा. आंब्याची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहाव्यात एवढा वारा धर, ताशी १६ किलोमीटर, आडवा. तुझी गोळी १०० मीटरला अडीच सेंटीमीटर सरकेल, २०० ला ११ च्या आसपास, ३०० ला २६. बघ, १०० मीटरवर वाऱ्याचा विचारही करावा लागत नाही आणि ३०० वर त्याच वाऱ्यात नेम मध्यावर असूनही गोळी घावनाच्या बाहेर जाते.

हे मी आकड्यांवरून सांगू शकलो असतो, पण मला ते एका हरिणीने शिकवलं. दुसऱ्या खेपेला कँटरबरीत एप्रिलमध्ये, जावयाच्या शेजाऱ्याबरोबर गेलो होतो. तो माणूस उमेदीत हरणं कमी करण्याच्या कामावर होता, पायी डोंगर तुडवलेला. २६० मीटरवर घळीपलीकडे मादी उभी, पूर्ण आडवी. मी झोपलेलो, सॅकचा पक्का टेकू, माझ्या गालाला वाऱ्याची झुळूक नाही. मनात म्हटलं, सैन्यात ३०० मीटरवर माणसाच्या आकृतीला रोज मारायचो, हे काय अवघड. शेजारी हळूच म्हणाला, जवळ जाऊ या. मी मान हलवली आणि चाप दाबला. गोळी लागल्याचा आवाज ओला, पोकळ आला, भिजलेल्या गादीवर काठी मारावी तसा. हरीण उधळलं नाही. पाठीला पोक काढून हळूहळू झुडपात शिरलं. शेजारी काही बोलला नाही, घड्याळ बघून खाली बसला.

आम्ही दीड तास थांबलो. पोटात लागलेल्या जनावराच्या मागे लगेच गेलं की ते घाबरून मैलभर पळतं आणि हाताला लागत नाही. मग घळ उतरून पलीकडे गेलो. गवताच्या झुबक्यावर रक्त जेमतेम, आणि हिरवट, चोथ्यासारखं काहीतरी सांडलेलं. वास आंबूस, गोठ्यात रवंथ करणाऱ्या म्हशीच्या तोंडाजवळ येतो तसा. फुप्फुसाला लागलं तर रक्त तांबडंलाल आणि फेसाळ येतं, यकृताला लागलं तर काळपट. हिरवं दिसलं की समजावं, आपण पोटात मारलंय. त्या हिरव्या डागांच्या मागे आणखी दीड तास चाललो. ती एका ओघळीत बसली होती, मान अजून ताठ. ३० मीटरवरून दुसरी गोळी घातली. सकाळी पाहिलं तर पहिली गोळी धरल्या जागेपासून मागे जवळजवळ वीतभर लागली होती. माझ्याकडे वारा नव्हता, घळीत होता. त्या दिवसापासून माझा पल्ला १८० मीटर आहे. त्यापुढे मी चापावर बोट ठेवत नाही.

आणखी एक गोष्ट, जी सैन्यात कधी जाणवली नव्हती. ३०० मीटर गाठायला तुझ्या गोळीला ०.४ सेकंद लागतो. चरता चरता हरणाने तेवढ्यात एक पाऊल टाकलं तर ते सहज वीत-दीड वीत सरकलेलं असतं. शिस्त, वारा, अंतर सगळं बरोबर असूनही गोळी पोटात. यावर जगातल्या कुठल्याही रायफलीकडे उपाय नाही. १०० मीटरला हाच वेळ ०.१२ सेकंद.

मग स्वतःचा पल्ला काढायचा कसा? कागदाच्या २० सेंटीमीटरच्या थाळ्या घे, वाढदिवसाला केक देतात त्या. त्यावर मधे टिंब काढू नकोस, हरणावर टिंब नसतं. ५० मीटरवर लाव. तीस-चाळीस पावलं चढावर पळत ये, झोप, टेकू घे, आणि १५ सेकंदांच्या आत एकच गोळी मार. रायफल मोकळी करून ठेव, थाळी बदल, नळी गार होऊ दे. असं दहा वेळा, शक्यतो तीन-चार वेगवेगळ्या दिवशी, कारण एका दिवसाचा हात दुसऱ्या दिवशी नसतो. दहापैकी दहा थाळीत बसल्या की ७५ मीटर, मग १००, मग १२५. जिथे पहिली गोळी बाहेर जाईल, त्याच्या आधीचं अंतर तुझं. नऊ बसल्या म्हणजे जमलं असं धरू नकोस. ती दहावी गोळी म्हणजे माझी हरिणी. हेच बसून कर, गुडघ्यावर कर, उभ्याने कर, प्रत्येकाचा आकडा वेगळा येईल. ते आकडे चिठ्ठीवर लिहून दस्त्याला चिकटव. डोंगरात वारा जाणवला, उजेड कमी झाला किंवा हात थरथरला की त्यातून तिसरा हिस्सा वजा कर.

एकच गोळी, गार नळीतून, यावर माझा एवढा भर का? हरणावर तुझी पहिलीच गोळी मोलाची, आणि नुकत्याच पुसून तेल लावलेल्या नळीतून पहिली गोळी पुष्कळदा ग्रुपच्या बाहेर जाते. निघण्याआधी नळीतलं तेल कोरड्या चिंधीने काढ आणि आपली रायफल गार असताना कुठे मारते ते ओळखून ठेव. दस्ता लाकडी असेल तर आणखी सांभाळ. पावसाळ्यात आपलं दार फुगून चौकटीत अडकतं ना, तसा लाकडी दस्ता ओल पिऊन फुगतो, नळीला कुठेतरी दाबतो आणि झिरो सरकतो. नळी आणि लाकूड यांच्यामधून एक कागदाचा तुकडा अलगद सरकला पाहिजे. अडकला तर सुताराच्या हातात देऊ नकोस, बंदुकीच्या मिस्त्रीकडे ने.

गोळी कुठे मारायची यावर थोडक्यात. हरीण पूर्ण आडवं असावं. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर ये, छातीच्या खालच्या रेषेपासून अंगाच्या एक तृतीयांश उंचीवर. डोक्यावर, मानेवर मारू नकोस, ती जागा लहान आणि सतत हलणारी. तोंड तुझ्याकडे किंवा पाठ तुझ्याकडे असेल तर थांब. वळलं नाही तर परत ये. आणि ३०० मीटरवर दिसलेल्या हरणाच्या १२० मीटरपर्यंत सरकत जाणं, वारा तोंडावर घेऊन, ओघळीतून, पोटावर, यातच या विद्येचा खरा कस आहे. दोन तास लागतील. मला विचारशील तर त्या दोन तासांसाठीच मी तिकडे जातो.

न्यूझीलंडच्या बंदूक वापरण्याच्या सात सुरक्षा नियमांपैकी चौथा नियम आहे: लक्ष्य काय आहे याची तिळमात्र शंका उरता कामा नये. माझे काका रात्री माळ्यावर राखणीला बसायचे, ते हेच मालवणीत सांगायचे: 'डोळो दिसाक व्हयो, मगेच घोडो ओढ.' चार कुणगे पलीकडे झुडूप हललं म्हणून डुक्कर समजून बार काढला आणि आपल्याच वाडीतला माणूस गेला, अशा बातम्या कोकणात वाचाव्या लागतात. तिथे नेम चांगला होता, म्हणूनच माणूस गेला.

आता तुझ्या आजोबांची बंदूक. पहिलं म्हणजे भेकर विसर. न्यूझीलंडमध्ये हरीण बाहेरून नेऊन सोडलेलं जनावर आहे. तुला गंमत वाटेल, आपल्याकडचं सांबरही १८७५ मध्ये सिलोनहून तिथे नेलं आणि आजही तिथे त्याची शिकार होते. इथे भेकर, सांबर, चितळ, पिसोरी यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, शिकार केली तर तुरुंग. आणि मला विचारशील तर ते तसंच असावं. आपल्या सड्यावर संध्याकाळी भेकर ओरडलं की वाडीला वाघराची वर्दी मिळते, ते ओरडणं बंद पडायला नको. रानडुकराचंही तेच, नुकसान केलं म्हणून परस्पर मारता येत नाही. वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी लागते, आणि बंदुकीचा परवाना आजोबांच्या नावावरून तुझ्या वडिलांच्या नावावर झालेला असावा लागतो. नसेल तर आधी ते काम कर. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय आहे. निवडणूक लागली की ती बंदूक पोलिसांत जमा करायला सांगतात, आणि विधानसभेची निवडणूक ऐन भातकापणीत येते. २०१९ ला ऑक्टोबरमध्ये होती, २०२४ ला नोव्हेंबरमध्ये. राखणदाराचा जीव तेव्हा खरंच मेटाकुटीला येतो. म्हणून गडगा नीट घालून घ्या आणि सौर कुंपणाचा विचार करा. बंदूक हा राखणीचा शेवटचा उपाय ठेवा.

परवानगी असलीच, तर पल्ला ३० पावलं. ठासणीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीसारखे पीळ नसल्याने गोळी फिरत नाही, आणि न फिरणारा शिशाचा गोळा ४०-५० मीटरनंतर कुठे जाईल याचा भरवसा नाही. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, सरळ धरली तरी नाही. पावसात दारूला दमट लागलं की केप (दारूला ठिणगी देणारी टोपी) फुटते, बार उशिरा निघतो, तोवर नळी हललेली असते. बार निघाला नाही तर नळी मातीकडे धरून मिनिटभर तशीच थांब, आत डोकावू नकोस. आणि गोळीच्या मागे काय आहे ते बघ. मऊ बांध असेल तर ठीक, पण कातळावर किंवा चिऱ्याच्या गडग्यावर आपटलेला गोळा कुठेही उडतो, पाणंदीतून कुणी येत असेल तर त्याच्याकडेही.

यातलं काहीही करण्याआधी एक काम आहे. सुट्टीवर येशील तेव्हा बंदूक खुंटीवरून उतरवलीस की गज नळीत बुडापर्यंत अलगद सोड, नळीच्या तोंडाशी गजावर खडूने खूण कर, बाहेर काढ आणि नळीला बाहेरून लावून बघ. गजाचं टोक केप बसते त्या कानापर्यंत पोहोचलं पाहिजे. दोन-तीन बोटं अलीकडे थांबलं तर आत बार भरलेला आहे. माझे काका गेल्यानंतर त्यांची बंदूक ११ वर्षं माजघराच्या भिंतीवर लटकत होती, पोरं तिच्याखाली झोपायची. मी गज टाकला, तो तीन बोटं अलीकडेच थांबला. तुझ्याकडे तसं निघालं तर स्वतः उकरू नकोस. केप बसवू नकोस, नळी माणसांपासून दूर ठेव, आणि आधी पोलीस ठाण्यात सांगून परवानाधारक मिस्त्रीला घरी बोलाव.